न पाहिलेल्या देशाचा पासपोर्ट

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बार्देशातल्या एका गावची, वय ४६. दुसऱ्या खेपेला पंच म्हणून निवडून आले आहे. मिस्टरांचा हॉटेलांना सामान पुरवायचा धंदा आहे. गेल्या वर्षी मोपा विमानतळाच्या बाजूची, पेडण्यातली वडिलोपार्जित जमीन विकली आणि कधी पाहिला नव्हता एवढा पैसा घरात आला. मध्यंतरी पणजीच्या एका हॉटेलात एका कन्सल्टंटने कार्यक्रम ठेवला होता, तिथून मिस्टर पुस्तिका घेऊनच परतले. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका नावाच्या देशाचं नागरिकत्व पैसे भरून मिळतं म्हणे. आम्हा चौघांचे मिळून अडीच लाख डॉलर. तिथे राहायची अट नाही, पाऊलसुद्धा ठेवावं लागत नाही. भारतीय पासपोर्ट कपाटात ठेवून द्या, कुणी विचारत नाही, असं तो सांगतो. काही पैसे दुबईतून फिरवायची सोयही तोच करणार आहे.

मिस्टरांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. दोन वर्षांमागे जर्मनीत त्यांच्या धंद्यातलं प्रदर्शन होतं, त्यासाठीचा व्हिसा दोनदा नाकारला. दुसऱ्यांदा पाकीट परत आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सासरे मुक्तिलढ्यात आग्वादच्या तुरुंगात होते. गावातल्या कितीतरी घरांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढले, आमच्या घरात तो विषयच कधी निघाला नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत. मिस्टर म्हणतात, ‘पासपोर्ट म्हणजे एक पुस्तक गो, त्याने माणूस बदलत नाही.’ फॉर्मवर माझी सही हवी आहे आणि पुढच्या आठवड्यात टोकनचा चेक द्यायचा आहे. सही करायला हात होत नाही, आणि का होत नाही ते सांगता येत नाही. ग्रामसभेत व्हिलावाल्यांशी भांडणारी मी, घरात गप्प बसते आहे. मी जुन्या विचारांची आहे का?

— एक पंच, बार्देश

प्रिय मैत्रिणी,

सही करू नका. चेकची तारीख जवळ आली आहे म्हणून हे आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश वाचा, आणि जमलं तर मिस्टरांना शेजारी बसवून वाचा.

सुरुवात त्या कपाटापासून करते, कारण तिथे तुमची सरळ फसवणूक चालली आहे. आपला नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे भारतीय माणसाने आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. परत करायला जा अथवा जाऊ नका, ते संपलेलं असतं. मग कपाटातलं निळं पुस्तक तुमचं राहत नाही. ते सरकारजमा करावं लागतं, आणि तसं न करता त्यावर प्रवास केला तर पासपोर्ट कायद्याखाली तो गुन्हा आहे. मतदारयादीत नाव ठेवता येत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणजे पंचायतीतली तुमची खुर्चीही गेली. दोन निवडणुका दारोदार फिरून तुम्ही जे मिळवलंत, ते त्या एका सहीत जाईल. कन्सल्टंटने पुस्तिकेत हे छापलं नसेल.

‘ओसीआय कार्ड काढू की’ असं मिस्टर म्हणतील, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना विनाव्हिसा येऊ देणारं कार्ड. काढता येतं, आणि ते उपयोगाचंही आहे. पण ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी जवळजवळ नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. यातलं शेवटचं मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे. वकिली करत होते तेव्हा सासष्टीतला एक पक्षकार माझ्याकडे आला होता. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडात स्विंडनला अकरा वर्षं राबून परतलेला. त्याच्या बापाच्या शेताला लागून एक खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत विकायला निघालं होतं. त्याच बांधावर तो लहानपणी खेकडे पकडायचा. पैसे तयार, विकणारा तयार, एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे उतारे नीट लावलेली फाईल तयार. खरेदीखताचं काम घेऊन बसलो तेव्हा मी त्याला ओसीआयबद्दल विचारलं आणि सगळं तिथेच थांबलं. वारशाने शेत येऊ शकतं, विकत घेता येत नाही, हे मी त्याला तीनदा समजावून सांगितलं. तो उतारा घडी घालायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा घडी घालायचा. शेवटी म्हणाला, ‘बाय, म्हजेंच शेत मगो तें.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ते शेत दुसऱ्यानेच घेतलं.

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत म्हणून आणखी एक आठवण करून देते. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सरकारने ओसीआय असणाऱ्यांचा विनाव्हिसा प्रवेश थांबवला. विमानं तर सगळ्यांचीच बंद होती. पण मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली तेव्हाही पहिली जागा भारतीय नागरिकांना होती. ओसीआयवाल्यांना सवलत मिळाली ती नंतर, आणि तीही ठरावीक कारणांसाठी.

मिस्टरांचं ते ‘पासपोर्ट म्हणजे एक पुस्तक’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझा थोरला भाऊ १९७८ पासून कुवेतला होता. एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. तिथली गल्ली न् गल्ली त्याला पाठ, अरबी तर मालकाच्या पोरांपेक्षा चांगली बोलायचा. एवढं राहून नागरिकत्वाचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. दर दोन वर्षांनी इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा करायचा, नोकरी संपली की निघायचं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी रणगाडे शहरात शिरले, तेव्हा तो वाळवंटातून बसने, ट्रकने, जे मिळेल त्याने जॉर्डनमध्ये अम्मानला पोचला. तिथल्या तंबूत बारा दिवस काढले. मग एअर इंडियाचं विमान आलं. त्या मोहिमेत भारताने सुमारे १ लाख ७० हजार माणसं घरी आणली. भावाजवळ तेव्हा एक कापडी पिशवी होती आणि बनियनच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते निळं पुस्तक. दारात आल्यावर त्याने आईच्या हातात आधी ते दिलं. घामाने कव्हरवरची तीन सिंहांची मुद्रा अर्धी पुसून गेली होती. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे.

उद्या तुमच्या कुटुंबावर परमुलखात अशी वेळ आली तर तुम्ही हाक कुणाला मारणार? डॉमिनिकाची लोकसंख्या सुमारे ७० हजार आहे, आपल्या पेडणे तालुक्याएवढी. मी त्या देशाला कमी लेखत नाही, त्याची बाजू तुम्हाला ठाऊक असायला हवी. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाचं वादळ त्या बेटावरून गेलं आणि एका रात्रीत देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान झालं. घरांची छपरं उडाली, डोंगर झाडांविना उघडे पडले. नंतर जी पक्की घरं उभी राहिली त्यांत पासपोर्टच्या विक्रीतून आलेला बराच पैसा आहे. शेजारच्या सेंट किट्सने १९८४ मध्ये हा मार्ग सुरू केला, आणि २००५ मध्ये तिथला साखरधंदा बंद पडला तेव्हा या पैशाने हात दिला. लहान, गरीब, वादळाच्या वाटेवरचे हे देश आहेत. विकण्यासारखं त्यांच्याकडे फार थोडं आहे, त्यातलंच त्यांनी हे विकायला काढलं. त्यांना मी दोष देणार नाही. पण ज्या देशाचं आपण नाव ऐकलं नव्हतं, जिथल्या एकाही माणसाचा चेहरा पाहिला नाही, त्याने संकटात आपल्यासाठी विमान पाठवावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

असा प्रयत्न पूर्वी एकाने केला होता, आणि कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला त्याची गोष्ट शिकवतात. फ्रीडरिश नॉटेबोम, जन्म हॅम्बुर्ग, १८८१. तरुणपणी १९०५ मध्ये ग्वाटेमालाला गेला आणि तिथेच व्यापारात मोठा झाला, पण नागरिक जर्मनीचाच राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं. पुढच्याच महिन्यात तो लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात जाऊन नागरिकत्वाचा अर्ज देऊन आला. तिथे तीन वर्षं राहायची अट होती, ती माफ करून घेतली. माउरेन नावाच्या गावाला २५ हजार स्विस फ्रँक दिले, सरकारला साडेबारा हजार, वर वार्षिक एक हजार कराची कबुली. नवं नागरिकत्व घेऊन तो १९४० मध्ये ग्वाटेमालाला परतला. तिथल्या सरकारच्या लेखी तो जर्मनच होता. १९४३ मध्ये त्याला पकडून अमेरिकेच्या छावणीत पाठवलं, १९४६ पर्यंत तिथे ठेवलं, आणि पुढे त्याची मालमत्ता जप्त केली. लिख्टेनश्टाइन त्याच्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडलं, हे त्या देशाचं कौतुकच. ६ एप्रिल १९५५ रोजी ११ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला: या माणसाचं त्या देशाशी खरं नातं नाही, म्हणून ग्वाटेमालाने ते नागरिकत्व मानलंच पाहिजे असं नाही. निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नाही. पण ऐन गरजेच्या वेळी विकत घेतलेला कागद कामी आला नाही, एवढं खरं.

हल्लीचं सांगायचं तर माल्टाचं सांगते. युरोपीय संघातला हा देश २०१४ पासून नागरिकत्व विकत होता. सुरुवातीच्या आराखड्यात तिथे राहायची अटच नव्हती. ओरड झाल्यावर वर्षभराच्या वास्तव्याची अट आली, पण पुढे बातमीदारांनी दाखवून दिलं की अनेकांचे भाड्याचे फ्लॅट नुसते कुलूपबंद पडून असायचे. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. नागरिकत्व हे देश आणि माणूस यांच्यातल्या एकजुटीचं आणि सद्भावाचं नातं आहे, त्याचा व्यापार करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मिस्टरांना हवा आहे तो युरोपचा प्रवास, म्हणून त्यांनी हेही लक्षात घ्यावं. पॅसिफिकमधलं वानुआतू असेच पासपोर्ट विकतं. युरोपीय संघाने त्याची विनाव्हिसा सवलत २०२२ पासून स्थगित केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायमची काढून घेतली. ब्रिटनने तर जुलै २०२३ मध्ये वानुआतूबरोबर खुद्द डॉमिनिकाच्या पासपोर्टलाही व्हिसा लावला, आणि कारण हेच दिलं, नागरिकत्वाची विक्री. २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपले नियम बदलले. खरं नातं नसताना नागरिकत्व विकणं हे आता विनाव्हिसा सवलत थांबवायचं कारण ठरू शकतं. डॉमिनिकाला आज शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत विनाव्हिसा जायची सवलत आहे. ती किती दिवस राहील हे ना तुमच्या हातात, ना त्या कन्सल्टंटच्या, ना डॉमिनिकाच्या. सवलत गेली म्हणून पैसे परत मिळत नाहीत, आणि गमावलेलं भारतीय नागरिकत्वही आपोआप परत येत नाही.

दुबईतून पैसे फिरवायचं नाव काढू नका. परदेशी पैसे पाठवायचा सरळ रस्ता आहे, बँकेतून, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. त्याला वळसा घालणं म्हणजे ईडीला घराचा पत्ता देणं. शिवाय जो पहिल्याच भेटीत असा वळसा सुचवतो, तो तुमच्या अर्जात काय काय लिहील? सायप्रसने २०२० मध्ये आपली योजना बंद केल्यावर दिलेली कितीतरी नागरिकत्वं काढून घेतली. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातल्या मेहुल चोक्सीने नोव्हेंबर २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि जानेवारीत तो भारत सोडून गेला, तेव्हापासून असा पासपोर्ट पुढे केला की बँकेतला कारकूनसुद्धा मान वर करून बघतो. तुमच्या मिस्टरांनी सचोटीने धंदा केला आहे. ती नजर त्यांनी का झेलावी?

आता तुमचा खरा प्रश्न, हात का होत नाही. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ग्रामसभेत तुम्ही ज्या व्हिलावाल्यांशी भांडता त्यांची घरं मीही पाहते. पांढऱ्या भिंती, पोहायचा निळा तलाव, वर्षातून दहा दिवस उघडणारं फाटक. बाकीचे दिवस आत एक वॉचमन आणि पंपाचा आवाज. उन्हाळ्यात वाड्यावरच्या विहिरीने तळ गाठला तरी त्यांच्या तलावाचं पाणी हलत नाही. ते कर भरतात, कागद त्यांचे पक्के असतात. तुमची तक्रार कागदांबद्दल नसतेच. गावाचं सगळं हवं आणि गाव मात्र नको, हे तुम्हाला सहन होत नाही. उद्या डॉमिनिकाच्या एखाद्या गावच्या बाईने तुमच्याबद्दल हेच म्हटलं तर? तुमच्या हाताला हे तुमच्याआधी कळलं.

नातं म्हणजे तिथे राहणंच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही. गोव्यात तसं म्हणून चालणारच नाही. आपल्या देवस्थानांचे किती महाजन पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, बेळगावात, कारवारात आहेत! जत्रेला येतात, पालखीला खांदा देतात, कुळाचा नारळ ठेवतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. त्यांना परके म्हणायची कुणाची छाती नाही. जुन्या कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, पैसे देऊन भाग विकत घेणारेही असत, त्यांना उत्पन्नातला वाटा मिळे. पण गावकार म्हणवून घ्यायला गावकाराच्या घरी जन्मावं लागे. ती रीतही निर्दोष नव्हती. बायकांना आणि कष्टकऱ्यांना तिने दाराबाहेरच ठेवलं. तरी वाटा विकत मिळतो आणि गावकारी मिळत नाही, एवढा फरक आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता.

पोर्तुगीज पासपोर्टचंही त्यामुळे वेगळं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून तो मिळतो, तिथे न राहता. मुद्दा तिथे पैशाचा नाही. इतिहासाने लादलेलं असेल, पण ते नातं आहे, आणि पोटासाठी तो रस्ता धरणाऱ्या आपल्या माणसांना मी नावं ठेवत नाही. सासूबाईंच्या जन्मामुळे मिस्टरांनाही तो रस्ता मोकळा आहे. परिणाम मात्र तोच, भारतीय नागरिकत्व जाईल. सासऱ्यांनी ज्या कारणासाठी तुरुंग सोसला ते तुमच्या घराला माहीत आहे, त्यावर मी बाहेरून काय बोलू?

मिस्टरांशी बोलताना मात्र कायद्यापासून सुरुवात करू नका. त्या न जेवलेल्या दिवसापासून करा. आपल्या माणसाला दोनदा नाकारलं जातं तेव्हा तो कागद नाकारला असं त्याला वाटत नाही, आपल्यालाच दारातून हाकललं असं वाटतं. ते दुखणं खरं आहे. त्यावर इलाजही आहे. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं, ते काढून वाचा. त्या कारणाला धरून कागद तयार करा: तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटीची नोंदणी, प्रदर्शनाचं निमंत्रण, घरच्या जबाबदाऱ्या. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम सैल केला आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले तर पुढे दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. आधी एक छोटी सहल दोघं मिळून करा, प्रदर्शन नंतर बघता येईल. मुलाला बाहेर शिकायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा पुरतो. तो अठरा पूर्ण करील तेव्हा देश बदलायचा की नाही हे स्वतःच्या सहीने ठरवील. त्याच्या वतीने आज तुम्ही ठरवू नका.

आणि हेही त्यांना प्रेमाने सांगा. पेडण्याची जमीन विकताना खरेदीखतावर तुमची सही लागली होती. ती उपकार म्हणून घेतली नव्हती. गोव्याच्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, वडिलोपार्जित धरून. त्या पैशातला अर्धा तुमचा आहे. तेव्हा सही न करणं हा हट्ट नाही, तुमचा निम्मा निर्णय आहे.

सासूबाईंना कळू द्या. त्या रागावतील की हसतील, सांगता येत नाही, पण त्यांनी दोन राज्यं पाहिली आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकायला तुमच्या दोघांनाही आवडेल.

हे छापून येईपर्यंत चेक दिलेला असेल तर वटण्याआधी बँकेत जाऊन तो थांबवायचा लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का घ्या. कन्सल्टंटला नकार फोनवर कळवू नका, ईमेल करा. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि फोटो त्याच्याकडे गेले असतील तर तेही त्याच ईमेलमध्ये परत मागा.

तुमची,
ताई